टिकलीला घरी जायचंय

एवढीशी टिकली. कपाळाला लावतात ना, तेवढी. पण ही टिकली म्हणजे एक खेकडा. गुळगुळीत, गुलाबी, चिमुकला.

टिकलीचं घर म्हणजे समुद्रातलं एक जिवंत पोवळं. पोवळ्याला फांद्या. फांद्यांवर इवली इवली फुलं. कुणी फुलं कुरतडायला आलं, की टिकली नांगी उगारायची. कट कट. पळ.

एकदा पोवळं नव्या गावी आलं. उल्कामावशीच्या घरी, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात. फांद्यांत बसून टिकलीही आली.

मावशीनं पाहिलं. "हा कोण पाहुणा? मी नाही बोलावला."

मावशीनं चिमटा घेतला. टिकलीला उचललं. टुप. सोडलं खाली वाळूत.

"राहा तिथेच. ओळख पटली की बघू."

पण फांद्यांत आणखी एक पाहुणा होता. केसाळ्या खेकडा. मागे लपलेला. तो मावशीला दिसलाच नाही. तो बसला टिकलीच्या जागेवर. फुलं खाऊ लागला. कुरुम कुरुम.

पोवळं हळूच म्हणालं, "टिकली, ये ना."

टिकली वर चढली. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"केसाळ्या, केसाळ्या, खाली उतर. हे माझं घर."

"तुझं? तुला तर काढून टाकलं. जा, वाळू मोज."

केसाळ्या मोठा. टिकली एवढीशी. ती खाली आली. काचेपाशी गेली. टिक टिक टिक.

"मावशी, मावशी, मला ओळख ना.
केसाळ्या उतरेना.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

मावशी म्हणाली, "काच झाली हिरवी. मला दिसतंय कुठे? काच साफ होऊ दे, मग ओळखते."

टिकली गेली गोगलगायीकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"गोगलगाई, गोगलगाई, काच चाट ना.
केसाळ्या उतरेना, मावशी ओळखेना.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

गोगलगाय म्हणाली, "पाणी किती जोरात! मी निसटते गं. पंप थांबू दे, मग चाटते."

टिकली गेली पंपाकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"पंपा, पंपा, थांब ना.
केसाळ्या उतरेना, मावशी ओळखेना, गोगलगाय चाटेना.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

पंप म्हणाला, "घुर्र घुर्र. आपल्या मनानं थांबायची पद्धत नाही. आजोबा बटण दाबू देत, मग थांबतो."

आजोबा म्हणजे मावशीचे बाबा. ते टाकीसमोरच्या खुर्चीत बसले होते. टिकली गेली काचेपाशी. टिक टिक टिक.

"आजोबा, आजोबा, बटण दाबा ना.
केसाळ्या उतरेना, मावशी ओळखेना, गोगलगाय चाटेना, पंप थांबेना.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

आजोबा म्हणाले, "काय गं, मघापासून टिक टिक? पंप बंद करायचा तो माशाच्या जेवणाला. नाहीतर दाणे वाहून जातात. मासा वर येऊन तोंड उघडू दे, मग दाबतो."

वरून पोवळं म्हणालं, "टिकली, ये ना." आवाज अगदी बारीक. एक फांदी फुलांविना उघडी पडली होती.

टिकली धावली माशाकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"माशा, माशा, तोंड उघड ना.
केसाळ्या उतरेना, मावशी ओळखेना, गोगलगाय चाटेना, पंप थांबेना, आजोबा बटण दाबेनात.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

मासा ओठ मिटूनच म्हणाला, "मं मं. दातात कचरा अडकलाय. लाज वाटते. कोळंबी दात कोरू दे, मग उघडतो."

टिकली गेली कोळंबीकडे. पाय दुखत होते. तरी तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"कोळंबी, कोळंबी, दात कोर ना.
केसाळ्या उतरेना, मावशी ओळखेना, गोगलगाय चाटेना, पंप थांबेना, आजोबा बटण दाबेनात, मासा तोंड उघडेना.
पोवळं बोलावतंय, मी घरी जाऊ कशी?"

कोळंबी म्हणाली, "मी आले असते गं. पण माझी मिशी शेवाळात गुंतलीय. कुणीतरी सोडवू दे, मग कोरते."

कुणीतरी? टिकलीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही.

टिकलीनं आपल्या नांगीकडे पाहिलं.

"मी सोडवते," टिकली म्हणाली.

कट. शेवाळ तुटलं. मिशी सुटली.

कोळंबीनं दात कोरले. टुच टुच.
माशानं वर जाऊन तोंड उघडलं. आऽऽ.
आजोबांनी बटण दाबलं. खट.
पंप थांबला. घुर्र... गप्प.
गोगलगायीनं काच चाटली. सप सप.
काच झाली लख्ख. मावशीनं भिंग घेतलं.

"अगं बाई. ही तर गुळगुळीत. ही पोवळ्याची राखणदार. मग वर कोण बसलंय? अंगभर केस. काळ्या नांग्या. फुलं खातोय. बाबा, मी चुकीचा खेकडा काढला हो."

आजोबा म्हणाले, "जो हाताला लागला, त्यालाच काढलंस. दुसरं काय."

मावशीनं चिमटा घेतला. केसाळ्याला उचललं.

"अहो, मी तर आत्ताच आलो होतो," केसाळ्या म्हणाला.

टुप. गेला दुसऱ्या टाकीत. तिथे नुसते दगड.

मावशीनं टिकलीपुढे बोट धरलं. "चुकले गं. चल, तुला सोडते."

"नको. मला वाट माहीत आहे."

टिकली निघाली. तिरकी तिरकी, तुरु तुरु. दगड चढली. फांदी चढली. आत शिरली.

"आलीस?" पोवळं म्हणालं.

"आले."

पोवळ्यानं मिटलेली फुलं उघडली. एक, मग आणखी एक, मग सगळी. टिकलीनं पाय पोटाशी घेतले. आता तिला कुठेच जायचं नव्हतं.