बंधाऱ्याची कायमची किल्ली

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक कारभारी होता. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट कारभाऱ्याची गोष्ट काय, कुणीही सांगेल.

गाव सगळं ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणणारं. गावाला एक बंधारा, बंधाऱ्याला एक दार, दाराला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला. दार उघडलं की पाटानं पाणी सुटायचं आणि पाळीपाळीनं सगळ्यांच्या शेतात जायचं. दरवर्षी हंगामाच्या सणाला गाव देवळापुढे जमायचं. घरागणिक एक हात वर व्हायचा आणि ज्याच्या बाजूनं हात जास्त, त्याच्याकडे वर्षभर किल्ली. गेली कितीतरी वर्षं हात याच कारभाऱ्यासाठी वर होत होते. दुष्काळातसुद्धा त्यानं पाण्यावरून गावात डोकी फुटू दिली नव्हती.

पण दरवर्षी निवडून येणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की ही निवड हवीच कशाला? त्यालाही तसंच वाटलं.

त्या वर्षीच्या सणाला तो उठून म्हणाला, "मंडळी, हा हात वर करायचा खेळ किती दिवस चालवायचा? शहाण्याचाही एक हात, वेड्याचाही एकच. त्यापेक्षा आज शेवटचे हात वर करा आणि किल्ली कायमची माझ्याकडे राहू द्या. माझ्यामागे माझ्या लेकाकडे. मेंढरांना मेंढपाळ लागतोच की."

लोकांनी माना डोलावल्या. माणूस चांगला आहे, दरवर्षीची कटकट मिटेल, असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला.

गर्दीच्या मागे तबिथामावशी उभी होती. एकटी विधवा बाई, पाटाच्या अगदी शेवटाला तिचा वांग्यांचा तुकडा, पोट त्याच्यावरच. मागच्या उन्हाळ्यात दोन पाळ्यांना पाणी तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं आणि निम्मी रोपं करपली होती. तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून घराचा हात तिचाच. किल्ली कायमची गेली तर आपल्या हाताला कुणी विचारणार नाही, हे तिच्या चटकन लक्षात आलं. ती वाट काढत पुढे आली.

"कारभारी, मला बोलायचंय."

"बोल की मावशी. पण जपून हं, तुझं शेत पाटाच्या शेवटाला आहे." तो हसत म्हणाला आणि लोकही हसले. मावशीला मात्र त्यातली मेख कळली.

"म्हणूनच तर बोलते. वांगी करपली तेव्हा मी तुमच्या दारात आले. तुम्ही ऐकून घेतलंत, पुढची पाळी भरून दिलीत. सणाला माझा हात लागतो, म्हणून ऐकलंत. उद्या तो लागलाच नाही, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

"अगं, तळं राखील तो पाणी चाखील. थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच."

"म्हणीत चाखील म्हटलंय कारभारी, पिऊन टाकील म्हटलेलं नाही."

आता लोक मावशीच्या बाजूनं हसले. कारभाऱ्याला ते झोंबलं. तो पाद्रीबाबांकडे वळला. "बाबा, तुम्हीच सांगा. या बाईचा हात आणि माझा हात काय सारखाच?"

पाद्रीबाबा भिडस्त माणूस. त्यात देवळाचं छप्पर कारभाऱ्यानं घालून दिलेलं. तरी ते म्हणाले, "देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, असं शास्त्रात आहे. कारभारी तेवढा जास्त निगुतीनं केला, असं काही मला सापडलेलं नाही. आणि मेंढपाळ म्हणाल तर तो एकच, प्रभू. खाली आपण सगळी मेंढरं, मीसुद्धा."

मावशीला धीर आला. ती म्हणाली, "कारभारी, दर रविवारी तुम्ही पुढच्या बाकावर गुडघे टेकता आणि आमच्याबरोबर म्हणता, 'प्रभो, मी पापी आहे.' ते खरं म्हणता की खोटं?"

उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली,

"खरं असेल, तर पापी माणसाच्या हाती कायमची किल्ली देणं आम्हाला परवडायचं नाही. खोटं असेल, तर देवाशी खोटं बोलणाऱ्याच्या हाती ती एक दिवसही नको."

कारभाऱ्यानं मान खाली घातली. मग त्यानं कमरेची किल्ली सोडली आणि देवळाच्या पायरीवर ठेवली.

"खरं म्हणतो, मावशी. त्या दोन पाळ्यांचं तुझं पाणी माझ्या उसाला गेलं. वाटलं, गावासाठी एवढं राबतो, एवढं चालायचंच. किल्ली अजून कायमची झालीही नव्हती, तरी हे झालं."

पाद्रीबाबांनी विचारलं, "कायमच्या किल्लीच्या बाजूनं कुणाचा हात?" एकही हात वर झाला नाही. कारभाऱ्याचा तर नाहीच.

"मग या वर्षी किल्ली कुणाकडे?"

पहिला हात तबिथामावशीचा वर गेला. "कारभाऱ्याकडे," ती म्हणाली.

कारभाऱ्याचे डोळे भरून आले. "मावशी, तू? मी तुझी वांगी जाळली."

"जाळलीत, आणि चारचौघांत कबूलही केलंत. असा कारभारी रोज कुठं मिळतो? माझं भांडण तुमच्याशी नव्हतंच, त्या 'कायम'शी होतं."

मग जिकडेतिकडे हात वर झाले. कुणीतरी देवळाची घंटा बडवायला घेतली. बायकांनी गाणं धरलं, म्हाताऱ्यांनी काठ्या उंचावल्या, आणि एवढा आनंद त्या गावानं नाताळालाही कधी केला नव्हता. त्या गलक्यात कारभाऱ्यानं पायरीवरची किल्ली उचलली, तशी मावशी त्याच्या कानाशी म्हणाली, "एका वर्षासाठी हं. पुढच्या सणाला परत बघू."

तात्पर्य: प्रत्येक माणूस देवाचं प्रतिरूप आहे, म्हणून हात सगळ्यांचा मोजावा, आणि प्रत्येक माणूस पापीही आहे, म्हणून किल्ली कायमची कुणालाच देऊ नये.