गुरुवारची गिनती

"पण आबा, तिन्हींत श्रेष्ठ कोणती, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?"

डॉक्टर वर्तकांनी हे चौथ्यांदा विचारलं.

आबा चष्मा पुसत होते. तो मघाशीच पुसून झाला होता.

आबा म्हणजे सुभेदार दाजीराम बर्गे. अठ्ठावीस वर्षं लष्करी इस्पितळात, मनाने मोडून आलेल्या जवानांच्या वॉर्डात नोकरी. वर्तक कोवळे डॉक्टर होऊन त्याच वॉर्डात आले, तेव्हा पहिल्या दिवशी आबांनीच त्यांना शिकवलं होतं... झोपलेल्या जवानाला मागून हात लावायचा नाही. पायाशी उभं राहायचं. नावाने हाक मारायची.

वर्तकांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पुढे वह्या फार झाल्या.

आता ते जिल्ह्याच्या उपचार केंद्राचे मुख्य होते. हातात अहवाल. गुरुवारची बैठक आबा चालवत, म्हणून त्यांची सही हवी होती.

"पुन्हा सांगतो," वर्तक म्हणाले. "पहिली पद्धत. जे घडलं ते जवानाने आमच्यासमोर तोंडाने सांगायचं. पुन्हा पुन्हा. भीती बोथट होईपर्यंत. दुसरी, त्या घटनेबद्दल जे उलटसुलट विचार डोक्यात बसलेत, ते तपासायचे, दुरुस्त करायचे. आणि तिसरी..."

"आमची," आबा म्हणाले.

"तुमची. गुरुवारी जमायचं. आजच्या अडचणी बोलायच्या. चहा प्यायचा."

"चहा तुम्ही अहवालात लिहिलाय?"

"नाही."

"मग राहिलं की."

सभागृहातली माणसं हसली. सभागृह म्हणजे माजी सैनिकांनी बांधलेली एक लांब खोली, वर पत्रा. सगळ्यांनी लढाया, चकमकी पाहिलेल्या. कुणाचा हात अजून कापतो, कुणाला लग्नातल्या फटाक्यांचं आमंत्रण नको असतं.

वर्तकांना हसू आलं नाही. साताऱ्याकडून येताना त्यांच्या गाडीचं पोट दोनदा दगडाला घासलं होतं. "काय रस्ता आहे तुमचा," हे त्यांचं आल्या आल्या पहिलं वाक्य. दुसरं, पायरीवर बसलेल्या माणसाला... "गाडीवर लक्ष ठेव रे."

"पहिल्या पद्धतीत सर्वांत जास्त गुण," ते म्हणाले. "दुसरी थोडी मागे. तुमची शेवटची. म्हणून एक तारखेपासून सगळीकडे पहिलीच. हे सभागृह बंद करून ती माणसं केंद्रावर आणू. इथे सही करा."

"गुण कशाला असतात?"

"झोप. दचकणं. राग. प्रश्नावली असते."

लान्स नाईक इलाही मुलाणी खुर्चीतून म्हणाले, "आबा, खोटं कशाला बोलू. माझ्या धाकट्या भावाला त्या सांगण्यानंच झोप लागली. आता घोरतोय."

"चांगलं झालं," आबा म्हणाले. मनापासून म्हणाले.

"बघा," वर्तक म्हणाले.

"बघतोय. किती जण होते पहिलीत?"

"सव्वीस."

"सुरुवातीला?"

वर्तकांनी पान उलटलं.

"चाळीस. चौदा जण अर्धवट सोडून गेले. ते मोजलेले नाहीत."

"कुठं गेले?"

"आबा, सोडून गेले म्हणजे गेले. दोन वेळा आला नाही की नाव निघतं. नियम आहे. प्रत्येकाच्या मागे कुठे..."

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"चार वाजले. आधी गिनती."

फौजेत रोज संध्याकाळी गिनती असते. रांगेत उभं राहायचं, एकेकाने आपला आकडा ओरडायचा. जो नाही तो कुठे आहे, हे गिनती घेणाऱ्याने सांगायचं. रजेवर, इस्पितळात, पहाऱ्यावर. सांगता आलं नाही तर कुणी हलत नाही. दर गुरुवारी आबा अजून तेच करत. लोक चेष्टा करत, पण उभे राहत.

"आज गिनती डॉक्टरसाहेब घेतील."

"मी?"

"सही पाहिजे ना?"

खुर्च्या सरकल्या. रांग लागली. वर्तकांच्या हातात आबांचं रजिस्टर आलं. त्यांनी ते उघडलं नाही. काखेत धरलं.

"एक." "दोन." "तीन."... आकडे बारापर्यंत गेले.

"बारा," वर्तक म्हणाले.

"रजिस्टरात तेरा."

"मग एक गैरहजर."

"कुठं आहे?"

"मला काय माहीत?"

"गिनती झाली नाही. पुन्हा."

"एक." "दोन."... "बारा."

"बारा, आबा. बाराच आहेत. डोळ्यांना दिसतायत."

"तेरावा कुठं?"

"आला नसेल."

"पुन्हा."

हवालदार शेडग्यांचा गुडघा गेलेला. ते एका पायावर भार देऊन म्हणाले, "डॉक्टर, रिक्रूटला हे दुसऱ्या दिवशी जमतं. आम्हाला का उभं ठेवताय?"

"मी ठेवलंय का?" वर्तकांचा आवाज चढला. "तेच तेच किती वेळा करायचं? बारा म्हणजे बारा!"

"भीती बोथट होईपर्यंत," मुलाणी हळूच म्हणाले.

आता मात्र रांग मोठ्याने हसली. आबा हसले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिसरी गिनती झाली. चौथी झाली. किटलीतला चहा निवला. शेडगे काहीतरी पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्तकांनी कपाळ पुसलं. त्यांना पुण्याची बैठक गाठायची होती, अहवाल आजच द्यायचा होता, आणि हा म्हातारा एका आकड्यावर अडून बसला होता...

आणि मग, बहुतेक कंटाळून, त्यांनी विचारलं,

"नाव काय त्याचं?"

रांगेतून सुस्कारा सुटला.

"विचारलं बाबा," शेडगे म्हणाले.

"तुमच्या काखेत आहे," आबा म्हणाले.

वर्तकांनी रजिस्टर उघडलं. तेराव्या ओळीवर बोट ठेवलं. नाईक भानुदास जगदाळे. पुढे गेल्या दोन वर्षांचे गुरुवार. बहुतेक सगळ्यांवर 'हजर'.

बोट तिथेच राहिलं.

"भानुदास जगदाळे... हा तर माझा एकतीस नंबर."

"एकतीस?"

"फाईल नंबर. पहिल्या पद्धतीत होता. तीन वेळा आला, मग..." ते थांबले. "पण आज तर आलेला नाही."

बारा माणसं समोर, दाराकडे बघत उभी. फौजी माणसाला समोर बघायला सांगावं लागत नाही.

वर्तकांनी दाराकडे पाहिलं. मग दारातून गाडीकडे.

मघाशी पायरीवर बसलेला तो माणूस गाडीच्या मागच्या चाकाला टेकून बसला होता. तोंड रस्त्याकडे. सांगितलं होतं तसं लक्ष ठेवून.

वर्तक तरातरा बाहेर गेले. त्याच्या मागे पोचले. खांद्याला हात लावण्यासाठी हात पुढे झाला...

आणि तसाच राहिला.

खिडकीतून बारा माणसं आणि आबा बघत होते. रांग केव्हाच मोडली होती.

वर्तकांनी हात मागे घेतला. लांबून वळसा घातला. त्याच्या पायांसमोर जाऊन उभे राहिले.

"भानुदास."

जगदाळे उठला. पँटची माती झटकली.

"जी, साहेब."

"तू मला ओळखलंस. मघाशीच."

"हो, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही गाडी सांगितली."

वर्तकांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "केंद्रावर यायचं का बंद केलंस?"

"तिसऱ्यांदा सांगताना उठलो, साहेब. दार लावलेलं होतं."

"दार उघड, म्हणायचं की."

"त्या वेळी आठवत नाही."

"मी फोन केला होता."

"दोनदा," जगदाळे म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. मोजून ठेवलं होतं, ते सांगितलं.

आतून आबांचा आवाज आला. "गिनती!"

आतल्यांनी घाईने रांग लावली. वर्तक उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. जगदाळे त्यांच्या मागे पायरीवरच थांबला. आत आला नाही. एक, दोन, तीन... बारा.

"तेरा," पायरीवरून आवाज आला. चांगला खणखणीत.

"सगळे हजर," वर्तक म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज तसा नव्हता.

"लाइन तोड," आबा म्हणाले.

माणसं धपाधप खुर्च्यांत बसली. चहा पुन्हा गरम करायला गेला. एक कप पायरीवर पोचला.

वर्तक आबांच्या शेजारी बसले.

"तो आत का येत नाही?"

"आधी फाटकाशी उभा राहायचा. वर्षभर."

"म्हणजे आता बरा आहे?"

"बरा कुठला? परवा बायकोवर ताट फेकलं. ती इथं येऊन मला भांडून गेली."

"मग गुणांत तुमची पद्धत शेवटचीच येणार ना, आबा. मी खोटं काय लिहिलंय?"

"काही नाही."

वर्तक वैतागले. म्हातारा वाद घालेल, चूक काढेल, अशी त्यांची तयारी होती.

"मग सही का करत नाही? पहिली पद्धत चालते. मुलाणींच्या भावाला झोप लागली. सव्वीस जणांना फरक पडला."

"पडला."

"दार उघडं ठेवू. भानुदासला परत घेऊ. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

आबांनी अहवाल मांडीवर घेतला. तक्त्याचं पान काढलं. पहिल्या पद्धतीखाली चाळीस ओळी होत्या. सव्वीस ओळींपुढे आकडे. चौदांपुढे नुसत्या रेघा. आबा एकेका रेघेवरून नख फिरवत गेले. एकतिसाव्या ओळीपाशी थांबून त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि रेघेवर गिचमिड्या अक्षरात लिहिलं... 'पायरीवर'.

मग अहवाल मिटून परत दिला. सहीच्या जागी काही नव्हतं.

वर्तकांनी तक्ता पुन्हा उघडला. पाहत राहिले. तेरा रेघा उरल्या होत्या.

"आबा..." ते म्हणाले. "यांचं काय लिहू?"

आबांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

"त्यांच्या गावांकडचा रस्ता कसा आहे, डॉक्टर?"