घाटाखालची सुतारवस्ती

फार पूर्वी मणिपुष्प नगरात अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्माला आला आणि त्याचे नाव सुकेतू ठेवण्यात आले. नगरापासून दूर, उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी, राजाच्या सैन्यासाठी गाड्या घडवणाऱ्या सुतार-लोहारांची एक वस्ती होती. तिथूनच घाट सुरू होई आणि सीमेवरच्या किल्ल्यापाशी संपे. किल्ल्यातल्या सैनिकांचे धान्य, मीठ, घोंगड्या, सारे त्याच वाटेने वर जाई. वयात आल्यावर सुकेतू त्या वस्तीचा मुख्य झाला.

ती वस्ती ज्यांनी पाहिली, ते पुढे कितीतरी वर्षे तिच्याविषयी बोलत. उजाडताच भाते फुंकू लागत. चाकावर धाव चढवायची असली की बाकीची कामे आपोआप थांबत. तापून लाल झालेली ती लोखंडी कडी लोहार सांडशीने उचलून चाकावर बसवीत, बायका भराभर घागरी रित्या करीत, आणि वाफेच्या लोटात लोखंड लाकडाला आवळून धरी. मग साऱ्या आळीत शिसवाचा जळकट, गोडसर वास पसरे. घाटात गाडी मोडल्याचा निरोप आला की माणसे अवजारे घेऊन निघत आणि दिवस मावळायच्या आत गाडी चालती करून परतत. सुकेतूच्या शेजारी भद्रसाल लोहार राहत असे. दोघे एकत्रच वाढले होते. एकाने चाक जोडावे, दुसऱ्याने त्यावर धाव चढवावी. कामात बोलायची गरज पडत नसे.

एकदा कालक नावाच्या अमात्याने राजाला सुचवले, की राज्याचे कारागीर असे दूरवर विखुरलेले बरे नव्हेत. सर्वांना राजवाड्याजवळ एका मोठ्या कर्मशाळेत आणावे, म्हणजे काम राजाच्या नजरेखाली होईल. राजाला ते पटले. त्याने सुकेतूला बोलावून कर्मशाळेचे प्रमुखपद आणि राहायला थोरले घर देऊ केले.

सुकेतू म्हणाला, "महाराज, गाडी घाटात मोडते. ती राजवाड्यासमोर मोडत नाही."

राजा हसला आणि आज्ञा कायम राहिली.

वस्तीतली निम्मी माणसे नगरात गेली. उरलेल्यांना जाता आले नाही. भद्रसालची आई आंधळी होती. ती आपल्या अंगणात भिंतीला हात लावून सुखाने वावरत असे, परक्या घरात ती एका जागी बसून राहिली असती. म्हणून त्याने सुकेतूला निरोप दिला. वस्तीतले गाड्यांचे काम थांबले, तेव्हा घर न सोडता तो रोज पलीकडच्या खोऱ्यात जाऊन नांगराचे फाळ करून पोट भरू लागला. कुणी नावाड्यांकडे गेले, कुणी गुरे राखू लागले. जे नगरात चालले होते त्यांना आपले असे कुणीतरी हवे, म्हणून सुकेतू त्यांच्याबरोबर गेला.

कर्मशाळा प्रशस्त होती. पण तिथे हळूहळू मिरवणुकीचे रथ आणि पालख्याच होऊ लागल्या. सुतारांचे हात कमळे कोरण्यात रमले. ओझ्याच्या चाकाचे काम मागे पडले. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसत आणि घाटाखालच्या वाऱ्याची, त्या भात्यांची आठवण काढीत. अधूनमधून एखादा न सांगता गावाकडे निघून जाई. सुकेतू त्याची चहाडी करीत नसे.

पुढे एका वर्षी हिवाळा लवकर आला. घाटात गाड्यांमागून गाड्या मोडल्या आणि धान्य वाटेवरच अडकले. नगरातून नवी चाके पोहोचेपर्यंत आणखी गाड्या मोडत. किल्ल्यातून आलेल्या जासुदाने सांगितले, की सैनिक पखालींचे कातडे उकडून खात आहेत, आणि काहीजण दगावले आहेत.

कालकाने सल्ला दिला, की विखुरलेल्या आणि पळून गेलेल्या कारागिरांना बेड्या घालून कामाला जुंपावे.

सुकेतू पुढे झाला. "महाराज, बेडी घातलेला हात घण उचलील, पण चाक नीट होणार नाही. मला जाऊ द्या. मी त्यांना विनवून आणतो."

"कर्मशाळा सोडलीस तर पद राहणार नाही, घरही राहणार नाही," राजा म्हणाला.

सुकेतूने नमस्कार केला आणि त्याच दिवशी निघाला.

वस्तीत भट्ट्यांवर गवत माजले होते. त्याला तिथे थांबवेना. तो खोऱ्यात भद्रसालकडे गेला. भद्रसाल फाळ ठोकत होता; त्याने मान वर केली नाही.

"राजाने पाठवले?"

"नाही. वर माणसे उपाशी आहेत, म्हणून आलो."

"आम्ही विखुरलो, तेव्हा आमच्या घरी चूल पेटते की नाही हे कुणी पाहिले?"

सुकेतू भट्टीजवळ खाली बसला आणि त्याने भात्याची दोरी हातात घेतली. बराच वेळ तो भाता ओढत राहिला. शेवटी भद्रसालने फाळ बाजूला ठेवला आणि विचारले, "किती गाड्या अडल्यात?"

मग दोघे दारोदार गेले. कुणी लगेच उठले, कुणी दार लावून घेतले. लाकूड वाकवणारा म्हातारा नंदक वारला होता आणि त्याची हातोटी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तरी जी माणसे आली त्यांनी उघड्या घाटात भट्ट्या पेटवल्या, आणि बर्फाने वाट बंद व्हायच्या आधी गाड्या किल्ल्यात पोहोचल्या.

जासुदाचे बोलणे मनातून न गेल्याने राजा स्वतः त्या गाड्यांमागून पायी घाट चढून गेला होता. वर त्याने सैनिकांची तोंडे पाहिली, दगावलेल्यांच्या चिता पाहिल्या. खाली आल्यावर त्याने भद्रसालची क्षमा मागितली, वस्ती पुन्हा वसवली, आणि कारागिराला विचारल्यावाचून हलवायचे नाही अशी आज्ञा केली. सुकेतूला त्याने पद पुन्हा देऊ केले. सुकेतूने ते घेतले नाही. तो घाटाखालीच राहिला. वस्ती भरली, पण पूर्वीची झाली नाही. नंदकासारखी हलकी चाके तिथे पुन्हा कधी घडली नाहीत, आणि गेलेले सगळे परतले नाहीत.

ही कथा जेतवन विहारात सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद. भद्रसाल लोहार म्हणजे सारिपुत्र. सुकेतू मीच होतो." कालक अमात्य कोण, असे एका भिक्षूने विचारले. शास्त्यांनी करुणेने सभेवरून दृष्टी फिरवली आणि ते नाव सांगितले नाही. "त्या जन्मी मी पद सोडून माणसांच्या दारी गेलो," ते म्हणाले. "ती माझी मैत्री पारमिता, मैत्रीच्या गुणाची परिपूर्ती."