बटाट्याला मातीची भर

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात एक शिष्य फार वैतागून गेला होता. त्याचे अध्ययन पुष्कळ झाले होते. एकादशीला जमणाऱ्या मंडळींपुढे आपण प्रवचन करावे, एवढीच त्याची इच्छा. पण विषय काढला की आचार्य परसबागेकडे बोट दाखवीत. "आधी बटाट्याला भर दे."

भर द्यायची म्हणजे रोपाच्या बुडाशी माती ओढायची. हिरवीगार पाने वर आली की ती निम्मी मातीत गाडायची. ती पुन्हा वर आली की पुन्हा गाडायची.

"गुरुजी, वाढू द्या ना बिचाऱ्यांना!"

"वाढताहेत की. तू माती ओढ."

"कंबर मोडली माझी."

"कमरेनं कोण प्रवचन करतं?"

शिष्याचा जळफळाट झाला. एवढे राबायचे, आणि दिसायला काय, तर मातीचे ढिगारे! एकादशी जवळ आली. आचार्य परगावी गेले होते. ती संधी साधून त्याने वाटेकडच्या वाफ्यावरची माती हलकेच बाजूला सारली. टपोरे बटाटे उघडे पडले. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले.

"वा महाराज!" एक व्यापारी म्हणाला. "बाजारातसुद्धा असा माल दिसत नाही. एकादशीला तुम्हीच बोला." शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

आचार्य परतले आणि एकादशीच्या सकाळी काढणी झाली. शिष्याने त्या वाफ्यातले बटाटे मुद्दाम टोपलीत वर रचले. आचार्यांनी एकेक निरखला आणि सगळे खताच्या खड्ड्यात टाकून दिले.

"आता मात्र हद्द झाली!" शिष्य ओरडला. "माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही का तुम्हाला?"

आचार्यांनी खड्ड्यातला एक बटाटा उचलून चिरला. सालीखाली हिरवी झाक पसरली होती. "जीभ लावून बघ."

शिष्याने तोंड वाकडे केले. बटाटा कडूजहर होता.

"बाळ, पानाला ऊन लागतं, कंदाला अंधार. काढणीआधी कंद उन्हात उघडा पडला की कडू होतो, खाणाऱ्याच्या पोटाला बाधतो. वाहवा करणारा वाटेवरून निघून जातो. सोसतो तो उपवासाचा माणूस. तुलाही मी भरच देत होतो रे. तू मात्र उकरत बसलास."

शिष्याने चिरलेला बटाटा पुन्हा खड्ड्यात टाकला.

उरलेल्या ढिगाऱ्यांखालच्या बटाट्यांवर सगळ्यांचा फराळ झाला. व्यापाऱ्याने हौसेने विचारले, "मग, आज आपण बोलणार ना?"

"नाही. भाजी घ्या आणखी," शिष्य म्हणाला.

पंगत उठल्यावर तो परसात गेला. एका गाजराची मान मातीबाहेर येऊन हिरवी पडू लागली होती. कोणी पाहते आहे का, हे न बघता त्याने तिच्यावर माती ओढली.