गार्डसाहेबांचं घड्याळ

आमच्या स्टेशनाशेजारच्या खोलीत मंगलाताई वाघुले रेल्वेची जुनी खिशातली घड्याळं जमवायच्या आणि दुरुस्त करून चालती करायच्या. खोली नगरपालिकेची. त्यामुळे या घड्याळांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नगराध्यक्ष रणपिसे अर्धा तास उशिरा आले, तरी कोणी चकार शब्द काढला नाही.

रणपिसेच साखळीचं घड्याळ काढून गरजले, "अगदी वेळेवर आलोय! हे माझ्या वडिलांचं, गार्डसाहेबांचं घड्याळ. याला चुकीचं म्हणणाऱ्याने उद्या ही खोली रिकामी करायची!"

"मी कशाला म्हणू?" मंगलाताई म्हणाल्या.

भाषण रंगलं. मध्येच ताईंनी हळूच सुचवलं, "साहेब, निघा आता. तुमची पुण्याची गाडी यायची वेळ झाली."

"अजून अर्धा तास आहे!" रणपिसेंनी पुन्हा घड्याळ दाखवलं.

शेवटी सगळे त्यांना पोचवायला गेले, तर फलाट रिकामा.

"गाडी गेलीच कशी?" रणपिसे कडाडले.

मंगलाताईंनी पदराने बाक झटकला. "गेली ती आमच्या घड्याळाची गाडी, साहेब. तुमच्या घड्याळाची यायचीय अजून. बसा ना."

लोकांनी हसू कसंबसं दाबलं. रणपिसे मात्र खरंच बसले. "दादांचं घड्याळ कधी चुकलं नाही हो, ताई."

"चुकेल कसं? ड्यूटीवर निघताना ते रोज हे घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचे. तुमचे दादासुद्धा दुसऱ्याला वेळ विचारायचे, साहेब."

रणपिसेंनी साखळी सोडली, घड्याळ ताईंच्या हातात ठेवलं आणि विचारलं, "किती वाजले?"