मुल्लाजींची रास

खूप जुन्या काळी, डोंगराआडच्या एका गावात एक म्हातारे मुल्लाजी राहत होते. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका.

त्या गावाची एक रीत होती. मळणी झाली, ज्वारी उपणून खळ्यात रास पडली, की मुल्लाजींना बोलावणं जायचं. ते राशीपाशी ऊद जाळत, हात पसरून दुआ मागत आणि जमलेली माणसं म्हणत, "आमीन." त्यानंतरच पहिलं सूप भरायचं. स्वतःच्या राशीला मात्र स्वतः आमीन म्हणायचं नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून यावं लागे.

मुल्लाजींचाही ओढ्याकाठी जमिनीचा लहानसा तुकडा होता. तिथल्या राशीला दरवर्षी त्यांची बीबी आमीन म्हणायची. या पावसाळ्यात ती वारली.

यंदाची रास पडली. मुल्लाजींनी दुआ मागितली आणि सवयीनं थांबले. खळ्यावर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. एवढं एकटं त्यांना तिला माती देतानाही वाटलं नव्हतं.

बांधावरून माणसं जात-येत होती. एक हाक पुरली असती. पण जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी मागायची लाज वाटली. आणि गावाला वाटत होतं, ज्याच्या शब्दाला एवढी बरकत, त्याला आपली काय गरज? चार दिवस रास तशीच पडून राहिली. पाखरांचं मात्र चांगलंच फावलं.

पाचव्या दिवशी पाटलांच्या खळ्यावर सारा गाव जमला. मुल्लाजींनी ऊद जाळला, हात पसरले आणि पुन्हा खाली घेतले.

"मुल्लाजी, बरं न्हाई का?" पाटलांनी विचारलं.

"बरा हाय, पाटील. पण आज माझ्यासाठी दुआ तुमी मागा, आमीन बी म्हणा. माझी रास चार दिस झाले खोळंबलीया. आमीन म्हणणारी ऱ्हायली न्हाई."

दुसऱ्यासाठी मागायचं कसं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी शेतातली पाखरं हाकणारी एक म्हातारी पुढे झाली.

"देवा," ती म्हणाली, "मुल्लाजींच्या घरात आता कुनी न्हाई. आमी हाव, येवढं त्यास्नी कळू दे."

मुल्लाजी आमीन म्हणायला गेले, पण ही दुआ त्यांच्याचसाठी होती. मग आमीन साऱ्या खळ्यानं म्हटलं.

पाटलांची रास तशीच ठेवून गाव ओढ्याकाठी गेला. पाखरांनी निम्मी ज्वारी संपवली होती. उरलेल्या निम्म्या राशीला सगळ्यांनी मान खाली घालून आमीन म्हटलं.

तेव्हापासून त्या गावात सुगीचं पहिलं आमीन ओढ्याकाठच्या खळ्यावर होतं. बीबी जिथे उभी राहायची, तेवढी जागा मात्र गाव मोकळी सोडतो.

तात्पर्य: जो सगळ्यांसाठी मागतो, त्याच्यासाठी मागणारंही कुणीतरी असावं लागतं.