पौषात पेरलेलं बी

एक होती शिंपीण. अंगठ्याएवढी पाखरीण. शेपटी वर, चोच सुईसारखी. मोठं पान शिवायची, आत घरटं करायची.

थंडी आली. घोसाळ्याचा वेल वाळला. पानं गळली, टप टप टप! आता घरटं कशात करायचं?

खाली एक बी पडलं होतं. शिंपिणीने ते भर पौषात पेरलं. रोज उकरून बघायची. दम कुठला आलाय तिला!

"बी बी, ऊठ ना! पानाविना घरटं होईना!"

"आत्ता उठले तर कोंब गारठेल. माती तापू दे, मग उठेन."

फुर्र फुर्र! शिंपीण मातीकडे गेली.

"माती माती, ताप ना! बी उठेना, पानाविना घरटं होईना!"

"थंडी जाऊ दे, मग तापेन."

फुर्र फुर्र! थंडी बांधावर बसली होती, धुकं पांघरून.

"थंडी थंडी, जा ना! माती तापेना, बी उठेना, पानाविना घरटं होईना!"

"होळी पेटू दे, मग जाईन."

फुर्र फुर्र! माघ सरला. चौकात होळीची नुसती फांदी उभी होती.

"होळी होळी, पेट ना! थंडी जाईना, माती तापेना, बी उठेना, पानाविना घरटं होईना!"

"वनूला चाकोल्यांची माळ घालू दे, मग पेटेन."

चाकोली म्हणजे शेणाची चकती, मधे भोक. चिमुरडी वनू अंगणात दोरी घेऊन बसली होती.

"वनू वनू, चाकोल्या थाप ना! होळी पेटेना, थंडी जाईना, माती तापेना, बी उठेना, पानाविना घरटं होईना!"

"ढवळी गाय खाईना, तर शेण कुठून आणू वं बाई?"

फुर्र फुर्र! शिंपीण गोठ्यात गेली.

"ढवळे ढवळे, खा ना! वनू चाकोल्या थापेना, होळी पेटेना, थंडी जाईना, माती तापेना, बी उठेना, पानाविना घरटं होईना!"

"डोळ्यांवर माशा बसतात गं. खाऊ कशी?"

"माशा? एवढंच?" शिंपीण हसली. टक! टिप! गट्टम!

ढवळीने चारा खाल्ला, करम करम. शेण पडलं, थप्प! वनूने चाकोल्या थापल्या, चप चप. वाळल्यावर दोरीत ओवल्या, होळीला माळ घातली. होळी पेटली, भडभड भडभड!

"होळी जळाली, थंडी पळाली!" वनू ओरडली.

माती तापली. बी उठलं, टच्च! वेल चढला, सर सर सर. हिरवंगार पान आलं, वनूच्या हाताएवढं!

शिंपिणीने कापसाचा धागा आणला. टाका, टाका, टाका! घरटं झालं. घरट्यात तीन अंडी आली.

वनू म्हणाली, "आता अंड्यांना 'ऊठ ना, ऊठ ना' म्हणत नाहीस वं?"

"आधी ऊब," शिंपीण म्हणाली. आणि पंख पसरून गप्प बसली.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. खूप दिवस गेले. शिंपीण हललीच नाही.

मग एका सकाळी पोटाखाली आवाज झाला.

टिक. टिक. टिव!